बदली मास्तराची लायकी

शाळेंतील कायमचा मास्तर आजारी पडला किंवा रजेवर गेला, म्हणजे त्याच्या वर्गापुढें कोणास उभें करावयाचें, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु मास्तराची लायकी कशांत मानावयाची, याविषयीं त्या त्या काळाची खरी समजूत याच प्रश्नाच्या उत्तरांत सांपडते. कारण नेहमींची घडी मोडली म्हणजेच समाज कशावांचून चालवून घेतो तें उघडें पडतें. वऱ्हाडांतील, विशेषतः अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील, शिक्षणाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

सरकारी शाळा निघण्यापूर्वीं शिक्षणाचा भार पंतोजींवर होता. पंतोजीजवळ दाखला नसे. वळणदार अक्षर, मोडीचें वाचन, तोंडचा हिशेब आणि गांवकऱ्यांचा विश्वास एवढीच त्याची लायकी. तो कामानिमित्त बाहेर गेला, म्हणजे वरच्या मुलांपैकीं एखादा धाकट्यांकडून धुळाक्षरें गिरवून घेई व पाढे म्हणवून घेई. हाच आपला पहिला बदली मास्तर. या देशी रीतीस कोणीं हंसूं नये. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेंत अँड्र्यू बेल यानें मोठ्या मुलांकडून धाकट्यांस शिकविण्याची पद्धत चालविली व १७९७ सालीं तिचें वर्णन लंडनमध्यें प्रसिद्ध केलें. पुढें इंग्लंडांतील गरिबांच्या कित्येक शाळा त्याच धर्तीवर चालल्या.

मात्र मोठा मुलगा पाठ घेऊं शकतो, समजावून देऊं शकत नाहीं, हें तेथेंही लवकरच दिसून आलें. म्हणून १८४६ सालीं इंग्लंडांत ‘विद्यार्थी-शिक्षक’ नेमण्याची योजना निघाली. तेरा वर्षांवरील हुशार मुलानें पांच वर्षें हेडमास्तराच्या हाताखालीं उमेदवारी करावी, त्यास विद्यावेतन मिळावें, दरसाल त्याची परीक्षा व्हावी, आणि त्यांतून निवडलेल्यांस अध्यापनशाळेंत पाठवावें, असा तिचा क्रम होता. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें हीच कल्पना हिंदुस्थानासाठीं सुचविली. मुंबईंत तर त्यापूर्वींच, १८४५ सालीं, मास्तर तयार करण्याच्या वर्गाची सूत्रें बाळशास्त्री जांभेकरांच्या हातीं आलीं होतीं.

वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आलें व १८६६ सालीं तेथें शिक्षणखातें उभें राहिलें. अमरावती व अकोला येथें हायस्कुलें झालीं आणि मराठी शाळांचे मास्तर तयार करण्यासाठीं अकोल्यास नॉर्मल स्कूल निघालें. अकोल्याच्या हायस्कुलाचे हेडमास्तर विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे विद्वान पुढें याच खात्यांत वरिष्ठ पदास चढले, व १९०७ सालीं पुण्याच्या साहित्य-संमेलनाचे अध्यक्षही झाले. नॉर्मल स्कुलामुळें मास्तरांचे दोन वर्ग पडले: एक ‘ट्रेन्ड’, दुसरा ‘अनट्रेन्ड’. रिकामी जागा भरावयाची वेळ आली, म्हणजे नुकताच मराठी फायनल झालेला तरुण पुढें केला जाई. त्यास विषय येई; शिकविण्याची कला मात्र तो मुलांवरच प्रयोग करून शिके.

नॉर्मल स्कुलाबाहेरही एक वाट होती. अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९२४ पासून उन्हाळ्याच्या सुटींत व्यायामशिक्षणाचे वर्ग भरविले. नोकरी न सोडतां, थोड्या आठवड्यांत, प्रत्यक्ष आखाड्यांत शिकून मास्तर तयार होऊं शकतो, हें या मंडळानें दाखवून दिलें. शिक्षण हें हातानें करावयाचें काम आहे, ही जाणीव त्यांत होती.

महाराष्ट्र राज्य १९६० सालीं झाल्यानंतर दाखल्यांची संख्या वाढत गेली. १९८१ च्या खाजगी शाळांच्या नियमावलीनें तात्पुरत्या जागेवर ठराविक मुदतीपुरता नेमलेला शिक्षक हा वेगळा प्रकार मान्य केला. २००० सालीं ‘शिक्षणसेवक’ आले: तीन वर्षें मानधनावर काम व नंतर कायम नेमणूक. शिक्षणहक्काचा कायदा २०१० सालीं अमलांत आला आणि २०१३ पासून राज्यांत शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. पहिली ते पांचवीच्या वर्गांस शिकवूं इच्छिणाऱ्यास बारावी, दोन वर्षांची पदविका व ही परीक्षा, अशा तीन पायऱ्या चढाव्या लागूं लागल्या. याच्या उलट, २०२३ सालीं जिल्हा परिषदांच्या रिकाम्या जागांवर सेवानिवृत्त शिक्षकांस दरमहा वीस हजार रुपयांवर घेण्याचें सरकारनें ठरविलें. एकीकडे पायऱ्या वाढल्या, दुसरीकडे दाखले मिळवून बसलेले तरुण जागेची वाट पाहत राहिले.

या सर्व इतिहासांत एक गोष्ट मात्र मागें पडत गेली, ती म्हणजे उमेदवारी. पंतोजीचा वरचा मुलगा अपुरा होता, पण ती शाळा, तीं मुलें व गुरूची रीत त्याच्या ओळखीचीं होतीं. आजचा बदली शिक्षक दाखल्यानें पुरा असतो, पण अनोळखी वर्गापुढें एकटा उभा केला जातो. दाखले नकोत असें कोण म्हणेल? परंतु प्रत्येक शाळेनें आपला बदली शिक्षक गरज पडण्यापूर्वींच हेरून ठेवावा, त्यास वर्षांतून कांहीं दिवस जुन्या मास्तराशेजारीं बसवावें, आणि त्या दिवसांचें मानधनही द्यावें. कायम मास्तर परत येईपर्यंतचे ते पंधरा दिवस सरकारी कागदावर तात्पुरते असतात. पहिलीच्या मुलाच्या आयुष्यांत ते पुन्हा येत नाहींत.