'दमू नका' या सल्ल्याची गोष्ट

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस झालेल्या माणसाला "दमू नका, पडून राहा" असं का सांगतात? मेहरूणच्या माझ्या मावसबहिणीला हाच सल्ला मिळाला, म्हणून शोधत गेले तर थेट १८९० साली पोचले!

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. पॅरिसच्या शार्कोंनी १८६८ साली त्याची नीट ओळख करून दिली. पुढे १८९० मध्ये ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांना दिसलं की काही रुग्णांना श्रम केले की अंधुक दिसू लागतं. त्यांनी दोष श्रमाला दिला. खरा दोष श्रमाने अंगात वाढणाऱ्या उष्णतेचा. आवरण गेलेला तंतू अंग जरा तापलं तरी संदेश नीट पोचवत नाही, अंग निवलं की पुन्हा पहिल्यासारखा. म्हणजे त्रास तात्पुरता, इजा नाही.

गंमत म्हणजे एमआरआय येण्याआधी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवत! उष्णतेचा परिणाम असा माहीत होता, तरी विश्रांतीचा सल्ला काही हटला नाही. पडून पडून स्नायू झिजायचे आणि ती झीजही आजाराच्याच खात्यावर मांडली जायची. मला याचाच जास्त राग येतो.

१९९६ साली अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या पेटाजान आणि सहकाऱ्यांनी ५४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं हातापायांनी चालवायची सायकल मारली. त्यांचा दमसास वाढला, ताकद वाढली आणि आजार काही बळावला नाही. आपल्याकडे मुंबईत एमएस सोसायटी १९८५ पासून आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव आलं.

पण जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथे ऊटहॉफ रोजच भेटायचे! म्हणून फिजिओथेरपिस्टने बहिणीचा व्यायाम पहाटे ठेवलाय. पंखा चालू, मानेवर ओला पंचा, थोडं करायचं, मग बसायचं. अंग निवल्यावरही त्रास राहिला, दिवसभर टिकला, तर मात्र लगेच डॉक्टर.

सध्या ती हात न टेकता खुर्चीतून सलग आठ वेळा उठते. मेहरूण तलावाची फेरी थंडीत मारायची म्हणते, बोरंही तेव्हाच येतात.