भिलाईच्या भट्टीखालचे पाणी

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. दुर्ग जिल्ह्याचा कारभार तेव्हा नागपूर या राजधानीतून चाले. चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याहून आले, चुनखडी जवळच्या नंदिनीहून. पाणी मात्र पायाखालून नव्हे, तर १९२१ मध्ये पूर्ण झालेल्या तांदुला धरणाच्या कालव्याने मरोद्याच्या जलाशयात आणले गेले.

हा निर्णय शहाणपणाचाच होता. जी चुनखडी भट्टीत पडते, तोच खडक या प्रदेशातील भूजलाचे कोठार आहे, आणि ते कोठार लहरी आहे. छत्तीसगड खोऱ्यातील हा चुनखडक अतिप्राचीन व घट्ट. त्याच्या कणांमध्ये पाणी जवळजवळ मावतच नाही. ते राहते सांध्यांत आणि भेगांत. पावसाचे पाणी मातीतून उतरताना कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, भेगेच्या भिंती विरघळवते, आणि लक्षावधी वर्षांत भेगेची पोकळी होते. म्हणून एकाच शिवारात एक विहीर तुडुंब, तर पन्नास पावलांवरची दुसरी कोरडी. जिथे चिकणमातीचा शेल खडक लागतो, तिथे आशा आणखी कमी.

फ्रान्समधील दिजाँ येथे आँरी दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या स्तंभातून पाणी सोडून भूजलाच्या गतीचा नियम मांडला: पातळीतील फरक जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. वाळूतले पाणी रांगते. चुनखडकाच्या पोकळीत ते धावू लागते आणि तिथे हा साधा नियम अपुरा पडतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त भूमीतील जलशिरांची तुलना शरीरातील शिरांशी केली होती. गाळाच्या मैदानात ती कल्पना चुकीची ठरते. दुर्गच्या चुनखडकात मात्र ती अनपेक्षितपणे चपखल बसते.

धावणारे पाणी गाळले जात नाही. वाळूच्या थरात अडकणारी घाण येथे पोकळीतून थेट शेजारच्या विहिरीत पोहोचू शकते. खोल उपसा झाला की पातळीही झपाट्याने उतरते. भरणही तसेच: पावसाळ्यात भेगा लवकर भरतात आणि पुढे ते पाणी शिवनाथेच्या दिशेने निघून जाते. त्याला थोपवण्याची जुनी रीत याच जिल्ह्यातील धमध्यात दिसते. ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे सहा आणि सहा विसा, अशी १२६ तळी तिथे होती असे लोक सांगतात. तळ्यातून झिरपलेले पाणी हिशेबात तूट म्हणून दिसते; उन्हाळ्यात विहिरीला तेवढाच आधार असतो.