पडण्याचा हिशेब

मूल सायकलवरून पडून गुडघा फोडून आलं, की घरातलं वडीलधारं माणूस त्याची धूळ झटकत म्हणायचं, ‘पडे झडे, माल वाढे!’ दांडीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलेल्या आमच्या पिढीने हे किती वेळा ऐकलं असेल, याची गणती नाही. आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे, त्या अमेरिकन डेव्ह मिराचा तर पडणं हा निम्मा व्यवसायच होता.

मिराच्या खेळाचं नाव ‘फ्रीस्टाइल बीएमएक्स’. बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. त्यातला एक्स ‘क्रॉस’च्या जागी वापरलेली फुली आहे. 1970 च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातली मुलं वीस इंची चाकांच्या सायकली घेऊन मातीच्या उंचवट्यांवर मोटारसायकल शर्यतींची नक्कल करू लागली. 1971 साली आलेल्या ‘ऑन एनी संडे’ या मोटारसायकलींवरच्या माहितीपटाची सुरुवातच अशा मुलांच्या दृश्याने होते. ते दृश्य पाहून हा नाद गावोगाव पसरला. पुढे बॉब हारोसारख्या काहींना शर्यतीपेक्षा कसरतीची गोडी लागली. वळणदार उतरंडीवरून वर हवेत जायचं, तिथे सायकल फिरवायची, स्वतः फिरायचं आणि पुन्हा उतारावर नेमकी चाकं टेकवायची. या खेळात नापास होणं म्हणजे पडणंच.

डेव्ह मिरा 1974 साली न्यूयॉर्क राज्यातल्या चिटनँगो या लहान गावात जन्मला. तो व्यावसायिक झाला तेव्हा, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, या खेळाचा बाजार पार बसला होता. त्यात 1993 साली रस्ता ओलांडताना एका दारू प्यालेल्या मोटारचालकाने त्याला उडवलं. कवटीला तडा गेला, मेंदूत रक्ताची गुठळी झाली. वय होतं एकोणीस. तरीही तो पुन्हा सायकलवर बसला.

दोनच वर्षांनी, 1995 मध्ये, ईएसपीएन या क्रीडावाहिनीने असल्या धाडसी खेळांची स्पर्धा र्‍होड आयलंडमध्ये भरवली. हीच पुढे ‘एक्स गेम्स’ म्हणून प्रसिद्ध झाली. मॅट हॉफमनसारखे थोर खेळाडू तिथे आधीच होते, पण पदकांची रास मिराने लावली: एकूण 24, त्यांतली 14 सुवर्ण. 2000 साली सॅनफ्रान्सिस्कोत त्याने सायकलसकट हवेत मागच्या मागे दोन कोलांट्या घेतल्या आणि तो चाकांवर उतरला. एक्स गेम्समध्ये हे आधी कुणालाच साधलं नव्हतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल गावी तो राहायला गेला, त्याच्यामागून इतके सायकलपटू गेले की गावाला ‘प्रोटाऊन’ म्हणू लागले. त्याच्या नावाचा व्हिडिओ गेमही 2000 मध्येच आला. त्यातला सायकलस्वार धाडकन आपटतो आणि क्षणात पुन्हा सायकलवर असतो.

प्रत्यक्षात असं होत नाही. अशी एक कोलांटी स्पर्धेत दिसण्याआधी सरावात शेकडो वेळा करावी लागते. सरावासाठी फोमच्या ठोकळ्यांनी भरलेले खड्डे असतात, डोक्यावर हेल्मेट असतं. पण हेल्मेट वाचवतं ते मुख्यतः कवटीला. आत मेंदू हलतो, हिसका बसतो, त्याला ते पूर्ण थांबवू शकत नाही.

हे वैद्यकाला ठाऊकच नव्हतं, असं म्हणता येत नाही. मार खाऊन खाऊन भ्रमिष्ट झालेल्या मुष्टियोद्ध्यांविषयी हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने 1928 सालीच लिहून ठेवलं होतं. पण ती मुष्टियुद्धाची बाब समजून इतर खेळ निर्धास्त राहिले. 2005 साली डॉ. बेनेट ओमालू यांनी अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेब्स्टरच्या मेंदूतल्या बिघाडाविषयी लेख प्रसिद्ध केला, तेव्हा खळबळ माजली. या विकाराला ‘सीटीई’ म्हणतात. वारंवार आघात होऊन मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाचे विकृत साठे होतात. स्मृती आणि मनःस्थिती यांवर परिणाम होतो. आणि खात्रीचं निदान होतं ते मृत्यूनंतरच.

मिराने उतारवयाची वाट पाहिली नाही. सायकलच्या स्पर्धा सोडून त्याने सुबारूच्या रॅली मोटारी चालवल्या, मुष्टियुद्ध केलं, ट्रायथलॉन केले. स्वस्थ बसणं त्याला जमलं नसावं. शेवटच्या काळात तो आतून खचला. 4 फेब्रुवारी 2016 रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ग्रीनव्हिलमध्ये त्याने आत्महत्या केली. मागे पत्नी आणि दोन मुली होत्या. मे महिन्यात टोरांटोच्या मेंदुविकृतितज्ज्ञ डॉ. लिली-नाझ हझराती यांच्या तपासणीचा निष्कर्ष जाहीर झाला: सीटीई. या धाडसी खेळांतल्या खेळाडूत या विकाराचं निदान होण्याची ही पहिलीच वेळ. आत्महत्येला एकच कारण लावू नये, हे खरं. तो 1993 चा अपघात, मुष्टियुद्धातले ठोसे, की हजारो वेळा आपटणं, यांतलं कशाने किती केलं, हेही वेगळं काढता येत नाही. पण कुटुंबाने निष्कर्ष झाकून ठेवला नाही, हे मला त्या 24 पदकांइतकंच मोलाचं वाटतं.

पुढच्याच वर्षी, 2017 मध्ये, फ्रीस्टाइल बीएमएक्सला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला. 2021 साली टोकियोत महिलांच्या अंतिम फेरीत ब्रिटनची शार्लट वर्दिंग्टन पहिल्या प्रयत्नात गिरकी घेत मागे कोलांटी मारायला गेली आणि कोसळली. दुसऱ्या प्रयत्नात तिने तीच कोलांटी पुन्हा मारली, नीट उतरली आणि 97.50 गुणांनी सुवर्णपदक जिंकली. नियम असा होता, की दोन प्रयत्नांतला जो सरस, तोच धरायचा. पहिल्याचा निकालाशी काही संबंध नाही.