नवजाताची कावीळ आणि निळा प्रकाश : श्रवणशक्ती व दृष्टी राखणारे प्रकाशोपचार

म्हैसूर : जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळसर दिसू लागणे ही भारतीय घरांना परिचित असलेली बाब आहे. पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बालकांमध्ये पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. त्यांपैकी बहुतेकांची कावीळ उपचारांविना ओसरते. उरलेल्यांना काही तास किंवा काही दिवस निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागते. हा उपचार वेळेवर मिळाला तर बाळ धडधाकट घरी जाते. तो चुकला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते आणि त्या इजेचा पहिला आघात अनेकदा श्रवणशक्तीवर होतो.

या प्रश्नाची दोन्ही टोके म्हैसूर शहरात पाहावयास मिळतात. म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले चेलुवांबा रुग्णालय हे माता व बालकांचे शासकीय रुग्णालय आहे. याच शहरातील मानसगंगोत्री परिसरात १९६५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. ऐकू न येणारी आणि म्हणून बोलू न शकणारी मुले देशभरातून तेथे तपासणीसाठी येतात. प्रसूतिकक्षातील निळा दिवा आणि श्रवणतपासणीचा ध्वनिरोधक कक्ष यांच्यातील संबंध वरवर दिसत नाही. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तो अगदी थेट आहे.

कावीळ का होते?

रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य संपले की त्यांतील रक्तद्रव्याचे विघटन होऊन बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. प्रौढ व्यक्तीचे यकृत त्यावर प्रक्रिया करून ते पित्तावाटे बाहेर टाकते. नवजात बालकाच्या शरीरात तांबड्या पेशी अधिक असतात, त्या लवकर मरतात आणि बिलिरुबिनवर प्रक्रिया करणारे यकृतातील विकर अद्याप पुरेसे कार्यक्षम झालेले नसते. परिणामी हे द्रव्य रक्तात साचते आणि त्वचा व डोळे पिवळे दिसतात.

आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असणे, आईचा ‘ओ’ व बाळाचा ‘ए’ किंवा ‘बी’ गट असणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, पुरेसे दूध न मिळणे आणि जी-सिक्स-पीडी या विकराची आनुवंशिक कमतरता या कारणांनी कावीळ वेगाने वाढू शकते. या शेवटच्या दोषाच्या बाबतीत भारतीय घरातील एक साधी वस्तू घातक ठरते. कपाटात जपून ठेवलेल्या दुपट्यांत व झबल्यांत डांबराच्या गोळ्या घातलेल्या असतील, तर त्यांतील नॅफ्थलीनमुळे अशा बाळाच्या तांबड्या पेशी झपाट्याने फुटतात. म्हणून बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवू नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

श्रवणशक्तीवरील आघात

बिलिरुबिनची पातळी फार वाढली की ते मेंदूत शिरते. शरीराच्या हालचालींवर नियंत्रण ठेवणारी केंद्रे आणि कानाकडून आलेले संदेश पुढे नेणारी मेंदूच्या देठातील केंद्रे यांना त्याची विशेष बाधा होते. अशी बालके पुढे हातापायांच्या अनियंत्रित हालचाली, डोळे वर फिरवता न येणे आणि श्रवणदोष घेऊन वाढतात. बुद्धी पुष्कळदा शाबूत असते. मात्र शरीर आणि वाणी तिला साथ देत नाहीत.

या श्रवणदोषाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. कानाच्या आतील शंखाकृती भागातील ध्वनिग्राही पेशी अनेकदा ठीक काम करत असतात. बिघाड श्रवणचेता आणि मेंदूचा देठ यांच्या मार्गात असतो. आवाज आत पोहोचतो, पण त्याचे संदेश विस्कळीत होतात. या अवस्थेस ऑडिटरी न्यूरोपॅथी असे म्हणतात. म्हैसूरच्या वाक् व श्रवण संस्थेने या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले असून म्हैसूर परिसरातील रुग्णालयांत नवजात बालकांची श्रवणतपासणीही ती करते.

नवजात बालकांच्या तपासणीत सामान्यतः दोन चाचण्या वापरल्या जातात. पहिली, ओएई चाचणी, कानाच्या आतील पेशींचा प्रतिसाद नोंदवते. दुसरी, एबीआर किंवा बेरा चाचणी, आवाजाचा संदेश मेंदूच्या देठापर्यंत पोहोचतो की नाही हे सांगते. काविळीमुळे बाधा झालेले बाळ पहिल्या चाचणीत उत्तीर्ण होऊ शकते आणि दुसरीत अनुत्तीर्ण. म्हणून ज्या बाळाची कावीळ रक्त बदलण्याच्या पातळीपर्यंत गेली होती, त्याची एबीआर चाचणी झालीच पाहिजे. केवळ पहिल्या चाचणीच्या ‘पास’ शेऱ्यावर समाधान मानल्यास दोष लक्षात येईपर्यंत बोलणे शिकण्याचे मोलाचे महिने निघून जातात.

एका परिचारिकेचे निरीक्षण

निळ्या प्रकाशाच्या उपचाराचा उगम प्रयोगशाळेत झाला नाही. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ च्या सुमारास सिस्टर वॉर्ड या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा कक्ष सांभाळत. मोकळी हवा व ऊन बाळांना मानवते, अशा समजुतीने त्या बाळांना अंगणात नेत. एकदा फेरीवर आलेल्या डॉक्टरांना त्यांनी एक बाळ उघडे करून दाखवले. त्याचे अंग फिकट झाले होते. मात्र चादरीच्या कोपऱ्याने झाकला गेलेला त्वचेचा त्रिकोणी भाग गडद पिवळाच राहिला होता. पुढे उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यात बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा कमी आढळले. या दोन निरीक्षणांवरून क्रेमर, पेरिमन व रिचर्ड्स यांनी प्रयोग केले आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९६८ मध्ये अमेरिकेत ल्युसी व सहकाऱ्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यानंतर हा उपचार जगभर रूढ झाला.

प्रकाश नेमके काय करतो?

बिलिरुबिनचा रेणू सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर लांबीच्या, म्हणजे निळ्या व निळसर हिरव्या, प्रकाशलहरी शोषून घेतो. त्या ऊर्जेने रेणूची ठेवण बदलते. मूळ बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. बदललेली रूपे विरघळतात आणि यकृताची प्रक्रिया न होताही पित्त व लघवीवाटे बाहेर पडतात. ज्या कामासाठी बाळाचे यकृत अजून तयार नाही, ते काम त्वचेवर पडणारा प्रकाश करतो. या उपचारात अतिनील किरणांचा भाग नसतो.

उपचाराचा गुण तीन गोष्टींवर अवलंबून असतो : प्रकाश योग्य लहरींचा असणे, तो पुरेसा तीव्र असणे आणि बाळाची जास्तीत जास्त त्वचा उघडी असणे. म्हणून बाळाला केवळ लंगोट व डोळ्यांवर पट्टी एवढेच ठेवले जाते. तीव्र प्रकाशोपचारासाठी त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर, दर नॅनोमीटर लहरीमागे किमान ३० मायक्रोवॅट एवढी तीव्रता लागते. दिवा जुना झाला किंवा बाळापासून दूर ठेवला की ही तीव्रता घटते. डोळ्यांना मात्र तो तेवढाच निळा दिसत राहतो. त्यामुळे मापकयंत्राने तीव्रता वेळोवेळी तपासणे हा उपचाराचाच भाग आहे. अलीकडच्या एलईडी दिव्यांमुळे उष्णता कमी झाली असून दिव्यांचे आयुष्य वाढले आहे.

उपचार सुरू असताना स्तनपान थांबवायचे नसते. उलट ते वारंवार द्यायचे असते, कारण दुधामुळे शौचावाटे बिलिरुबिन बाहेर पडण्यास मदत होते. प्रकाशोपचाराने पातळी आटोक्यात न आल्यास बाळाचे रक्त थोडे थोडे करून बदलावे लागते. प्रकाशोपचार रूढ झाल्यापासून या जोखमीच्या प्रक्रियेची गरज पुष्कळ कमी झाली आहे.

कोवळे ऊन पुरेसे आहे का?

सिस्टर वॉर्ड यांची कथा ऐकून कोवळे ऊन हाच उपचार असे वाटणे स्वाभाविक आहे. सूर्यप्रकाशात निळ्या लहरी असतात हे खरे. परंतु त्यासोबत अतिनील व उष्ण किरणही येतात, प्रकाशाची मात्रा ठरवता येत नाही आणि उघडे बाळ उन्हाने तापण्याचा किंवा गारठण्याचा धोका असतो. नायजेरियात विशेष पारदर्शक पडद्यांतून गाळलेल्या सूर्यप्रकाशाचा वापर देखरेखीखाली करून पाहण्यात आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हा उपाय नेहमीच्या प्रकाशोपचाराच्या तोडीचा ठरला. परंतु तेथे परिचारिका, तापमानाची नोंद आणि रक्ततपासणी यांची जोड होती. खिडकीत दहा मिनिटे बाळ धरणे ही त्याची बरोबरी नव्हे.

कावीळ ‘उतरवण्याचे’ प्रकार, गळ्यात माळ बांधणे किंवा चुन्याच्या पाण्याने हात धुणे यांचा बिलिरुबिनवर काहीही परिणाम होत नाही. बहुतेक बाळांची कावीळ आपोआप ओसरत असल्याने श्रेय त्या उपायांना जाते. ज्या बाळाची ओसरत नाही, त्याचे मोलाचे तास वाया जातात.

घरी गेल्यानंतरचे दिवस

सर्वसाधारण प्रसूतीनंतर आई व बाळास साधारणपणे ४८ तासांनी घरी पाठवले जाते. पूर्ण दिवसांच्या बाळाचे बिलिरुबिन मात्र तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वोच्च पातळीवर असते. धोक्याचा काळ बाळ घरी असतानाच येतो. त्यातच बाळंतिणीची खोली अंधारी ठेवण्याची आणि बाळाला हळद व डाळीच्या पिठाने अंघोळ घालण्याची रीत अनेक घरांत आहे. अशा वेळी पिवळेपणा वेळीच दिसत नाही. आशा सेविकेने तिसऱ्या व सातव्या दिवशी द्यावयाच्या गृहभेटींचे महत्त्व यातून स्पष्ट होते. बाळाला उजेडात नेऊन, त्वचेवर बोट हलके दाबून रंग पाहणे ही साधी तपासणी तेव्हा होऊ शकते. सावळ्या वर्णामुळे पिवळेपणाचा अंदाज चुकू शकतो. म्हणून शंका आल्यास रक्ततपासणी हाच खात्रीचा मार्ग होय.

पुढील लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे : जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत आलेली कावीळ, तळहात व तळपायांपर्यंत पोहोचलेला पिवळेपणा, दूध न ओढणे, सुस्ती किंवा कर्कश रडणे, अंग ताठणे किंवा मान मागे वळणे, तसेच पांढरट शौच. पांढरट शौच व गडद लघवी ही पित्तमार्गाच्या अडथळ्याची खूण असू शकते आणि तेथे निळा प्रकाश उपयोगी पडत नाही.

अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि लेसर

अपुऱ्या दिवसांच्या बालकाला प्रकाशाची गरज दुसऱ्यांदाही पडू शकते. डोळ्याच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या नवव्या महिन्याच्या अखेरीस पूर्ण वाढतात. बाळ आधीच जन्मले तर ही वाढ अर्धवट राहते. रक्तपुरवठा नसलेला भाग रासायनिक संदेश सोडतो, त्यातून असाधारण रक्तवाहिन्या फुटतात आणि अखेरीस दृष्टिपटल सुटून अंधत्व येऊ शकते. आरओपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात लेसर किरणांनी रक्तपुरवठा नसलेल्या भागावर सूक्ष्म डाग दिले जातात. त्यामुळे ते संदेश थांबतात. तीव्र अवस्था आढळल्यास दोन-तीन दिवसांत उपचार व्हावा लागतो.

येथेही वेळ निर्णायक ठरते. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची दृष्टिपटल तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत, फारच लहान बाळांची दोन ते तीन आठवड्यांत व्हावी, असे भारतातील मार्गदर्शक सूत्र आहे. तालुक्याच्या ठिकाणी असे तज्ज्ञ मिळत नाहीत. यावर उपाय म्हणून बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने २००८ मध्ये ‘किडरॉप’ हा उपक्रम सुरू केला. प्रशिक्षित तंत्रज्ञ नवजात कक्षांत जाऊन विशेष कॅमेऱ्याने दृष्टिपटलाची छायाचित्रे घेतात, ती तज्ज्ञांकडे पाठवली जातात आणि गरजू बाळांवर लेसर उपचार केले जातात.

कोणत्या सुविधा उपलब्ध आहेत?

जिल्हा रुग्णालयांतील विशेष नवजात काळजी कक्षांत प्रकाशोपचाराची सोय असते. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयांत आजारी नवजात बालकांवर विनामूल्य उपचार केले जातात. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत जन्मजात बहिरेपणा आणि आरओपी या दोहोंचा समावेश आहे. श्रवणदोषाच्या निदानासाठी म्हैसूरप्रमाणेच मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

श्रवणतपासणी पहिल्या महिन्यात, निश्चित निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत, असा क्रम जगभर स्वीकारला गेला आहे. त्यासाठी बाळाच्या रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर काविळीची सर्वोच्च पातळी, प्रकाशोपचाराचा कालावधी आणि रक्त बदलले असल्यास त्याची नोंद असणे आवश्यक आहे. पालकांनी हा कागद जपून ठेवावा व श्रवणतपासणीच्या वेळी तो दाखवावा. कोणत्या चाचणीने बाळाची श्रवणशक्ती तपासायची, हे त्यावरून ठरते.