बाँडपटांचे पुनर्दर्शन आणि प्रतवारी : एक साधनचिकित्सा

१

५ ऑक्टोबर १९६२ रोजी लंडन येथे 'डॉ. नो' हा चित्रपट प्रथम दाखविण्यात आला. इयान फ्लेमिंग यांच्या कादंबरीवर आधारलेल्या आणि सुमारे दहा लक्ष डॉलर खर्चात सिद्ध झालेल्या या चित्रपटाने ज्या मालिकेचा आरंभ केला, ती २०२१ मधील 'नो टाइम टू डाय' या चित्रपटापर्यंत एकोणसाठ वर्षे चालत आली. हॅरी सॉल्ट्झमन व अल्बर्ट ब्रॉकोली यांनी स्थापिलेल्या ईऑन या निर्मितिसंस्थेने या अवधीत पंचवीस चित्रपट काढले व सहा नटांनी जेम्स बाँड या गुप्तहेराची भूमिका वठविली. फेब्रुवारी १९२५ नव्हे, तर फ्लेमिंगच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटून गेल्यावर, फेब्रुवारी २०२५ मध्ये, या मालिकेचे सर्जनविषयक नियंत्रण ब्रॉकोली कुटुंबाकडून ॲमेझॉन-एमजीएमकडे जात असल्याचे जाहीर झाले. तेव्हा या पंचवीस चित्रपटांकडे एक पूर्ण झालेला कालखंड म्हणून पाहता येईल, असे म्हणावयास हरकत नाही.

या मालिकेच्या चाहत्यांमध्ये एक प्रघात दृढ झालेला आहे. सर्व चित्रपट आरंभापासून पुन्हा क्रमाने पाहावयाचे आणि अखेरीस त्यांची उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशी प्रतवारी लावावयाची, असा हा प्रघात होय. इतिहासाच्या अभ्यासकास हा फावल्या वेळचा खेळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अशा याद्यांतून पुढे मते बनतात, मतांचे संकेत होतात आणि संकेत ग्रंथांत शिरून इतिहास म्हणून वावरू लागतात. यास्तव बखरीची चिकित्सा करताना जे प्रश्न विचारले जातात, तेच प्रश्न या प्रतवाऱ्यांनाही विचारणे अवश्य आहे. ती कोणी केली, घटनेनंतर किती काळाने केली, कोणत्या प्रतीवरून केली आणि पुढे काय घडले हे ठाऊक असताना केली की नसताना, हे ते प्रश्न होत.

२

बाँडपटांची प्रतवारी तीन प्रकारे होत आली आहे. पहिली उत्पन्नावरून, दुसरी समकालीन समीक्षेवरून व तिसरी पुनर्दर्शनावरून.

पहिला प्रकार वरकरणी निःपक्षपाती भासतो. २०१२ चा 'स्कायफॉल' हा शंभर कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविणारा या मालिकेतील पहिला चित्रपट होय. तथापि नाण्याच्या घटत्या मोलाचा हिशेब केला असता १९६५ चा 'थंडरबॉल' त्याच्या पंक्तीस येऊन बसतो. शिवाय प्रेक्षक तिकीट काढतो ते चित्रपट पाहण्यापूर्वी. त्यामुळे 'थंडरबॉल'पुढे लागलेल्या रांगांत १९६४ च्या 'गोल्डफिंगर'ने निर्माण केलेल्या उत्सुकतेचा वाटा मोठा होता. उत्पन्नाचा आकडा हा बऱ्याच अंशी आधीच्या चित्रपटाला दिलेला कौल असतो, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

समकालीन समीक्षेची मर्यादा वेगळी आहे. १९६५ मध्ये उंबेर्तो एको यांनी फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांच्या कथनरचनेचे प्रसिद्ध विश्लेषण केले आणि बुद्धिबळातील चालींप्रमाणे या कथांतील प्रसंग ठरीव असल्याचे दाखविले. हे विवेचन कादंबऱ्यांपुरते आजही ग्राह्य आहे. परंतु त्या वेळी चित्रपटमालिका नुकतीच कोठे आकारास येत होती व शॉन कॉनरी म्हणजेच बाँड हे समीकरण अद्याप अबाधित होते. १९६९ मध्ये ते मोडले, तेव्हा नव्या नटास मोजावयास समीक्षकांजवळ जुन्या नटावाचून दुसरे माप नव्हते.

तिसरा प्रकार जितका सहज वाटतो तितका जुना नाही. चित्रपटगृहात पुन्हा लागलेला चित्रपट पाहणे यापलीकडे साठीच्या दशकातील प्रेक्षकास मार्ग नव्हता. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर 'गोल्डफिंगर' दाखविला गेला तो सप्टेंबर १९७२ मध्ये आणि ब्रिटनमध्ये 'डॉ. नो' ऑक्टोबर १९७५ मध्ये. त्यानंतर चित्रफिती व तबकड्या घरोघर आल्या. म्हणजे संपूर्ण मालिका आपल्या इच्छेनुसार क्रमाने पाहण्याची सोय सामान्य माणसास १९८० नंतरच झाली. समग्र प्रतवारी ही या सोयीची अपत्य आहे. तत्पूर्वीची मते स्मृतीवर आधारलेली होती. नंतरची प्रत्यक्ष तुलनेवर. एकाच चित्रपटाविषयीच्या दोन पिढ्यांच्या मतांत जे अंतर दिसते, ते सर्वच अभिरुचीचे नसून काही अंशी साधनांचे आहे.

३

या अंतराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९६९ चा 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' हा चित्रपट होय. मालिकेतील पहिल्या चार चित्रपटांचे संकलक पीटर हंट यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच प्रयत्न. नायक जॉर्ज लेझनबी हा ऑस्ट्रेलियन तरुण. जाहिरातीपलीकडे अभिनयाचा अनुभव त्याच्या गाठी नव्हता. चित्रपटाची लांबी दोन तास वीस मिनिटांच्या आसपास. २००६ पर्यंत या मालिकेतील दुसरा कोणताही चित्रपट इतका लांब नव्हता. अखेर तर संकेताच्या सर्वस्वी विरुद्ध. विवाहानंतर अवघ्या काही वेळात नायकाची पत्नी ट्रेसी गोळीस बळी पडते आणि तिचे मस्तक मांडीवर घेतलेल्या बाँडवर चित्रपट संपतो.

लेझनबी याने दुसरा चित्रपट केला नाही. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर'साठी निर्मात्यांनी कॉनरी यांस साडेबारा लक्ष डॉलर देऊन परत आणले. त्या चित्रपटाच्या आरंभी बाँड ब्लोफेल्डचा कसून शोध घेताना दिसतो. परंतु पत्नीचा नामोल्लेखही तेथे नाही. वस्तुतः फ्लेमिंगच्या क्रमात 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६३) नंतर 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' (१९६४) येते व तीत बाँड पत्नीच्या खुनाचा सूड उगवितो. चित्रपटांत हा क्रम उलटला गेला. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' १९६७ मध्येच येऊन गेल्यामुळे शोकानंतरची कथा शोकाच्या आधी खर्ची पडली. आदल्याच चित्रपटात समोरासमोर आलेल्या बाँडला ब्लोफेल्ड १९६९ मध्ये ओळखत नाही, ही विसंगतीही त्यातूनच उद्भवली. १९६९ च्या चित्रपटाची उपेक्षा झाली तिचे एक कारण असे मालिकेच्या घडणीतच होते. त्याच्या शेवटाने मागितलेले उत्तर पुढच्या चित्रपटाने दिलेच नाही.

हे उत्तर फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आले. १९८१ च्या 'फॉर युवर आइज ओन्ली'च्या प्रारंभी बाँड ट्रेसीच्या थडग्यावर फुले वाहतो. दगडावर १९४३ व १९६९ ही वर्षे कोरलेली आहेत. या चित्रपटाचे दिग्दर्शक जॉन ग्लेन हे १९६९ च्या चित्रपटाचे संकलक होते, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण ठरते. १९८९ च्या 'लायसन्स टू किल'मध्ये बाँडच्या पूर्वीच्या विवाहाचा ओझरता उल्लेख येतो. २००६ च्या 'कॅसिनो रॉयल'मध्ये डॅनियल क्रेग याच्या बाँडला प्रेयसीच्या मृत्यूचे दुःख भोगावे लागते आणि २०२१ मध्ये तर लुई आर्मस्ट्राँग याने १९६९ मध्ये गायिलेले गीतच पुन्हा ऐकू येते. दरम्यान २०१२ मध्ये बाँडविषयक एका नियतकालिकाने आपल्या वाचकांचा कौल घेतला, त्यात 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'ला प्रथम क्रमांक मिळाला. 'गोल्डफिंगर' दुसरा आला.

यावरून चित्रपटाचे खरे मोल अखेरीस प्रकट झाले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो जपून काढला पाहिजे. क्रेगच्या चित्रपटांनी प्रेक्षकास दुःखी बाँड पाहावयास शिकविले आणि त्या शिकवणीच्या उजेडात १९६९ चा चित्रपट काळाच्या पुढे असलेला दिसू लागला. ज्यांनी तो १९६९ मध्ये पाहिला, त्यांच्यासमोर हा उजेड नव्हता. त्यांना आंधळे ठरविणे हा उघड कालविपर्यास होय. उलटपक्षी, पुनर्मूल्यांकन ही केवळ फॅशन आहे असेही म्हणता येत नाही. शिल्टहॉर्न शिखराच्या परिसरातील बर्फावरील पाठलागांची वेगवान जुळणी, डायना रिग यांनी ट्रेसीस दिलेले स्वतंत्र व्यक्तिमत्त्व आणि कादंबरीशी राखलेली निष्ठा हे गुण १९६९ च्या प्रतीतही होतेच. काळाने गुण निर्माण केले नाहीत. ते पाहण्यास अवसर दिला, एवढेच.

४

पुनर्दर्शनात जो चित्रपट पाहिला जातो तो मूळचाच असतो, हेही गृहीत धरता येत नाही. १९७६ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' दोन भागांत दाखविण्यात आला, तेव्हा बर्फावरील पाठलागाचा प्रसंग उचलून आरंभी ठेवण्यात आला व लेझनबीचा नसलेला आवाज निवेदक म्हणून जोडण्यात आला. तेथील अनेकांचे या चित्रपटाविषयीचे मत या प्रतीवरून बनले असल्यास ते मत नेमके कशाविषयीचे, हा प्रश्न उरतोच. भारतात २०१५ मध्ये 'स्पेक्टर'मधील चुंबनदृश्ये परिनिरीक्षण मंडळाच्या आदेशाने निम्म्यावर आणली गेली; तेव्हा मुंबई-पुण्यातील प्रेक्षकाने चित्रपटगृहात पाहिलेला 'स्पेक्टर' आणि लंडनमधील प्रेक्षकाने पाहिलेला 'स्पेक्टर' हे एकाच संहितेचे दोन पाठ होत. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी ज्या पुण्यात दशकानुदशके पाठभेद ताडून पाहिले गेले, तेथील अभ्यासकास हा मुद्दा अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

५

प्रतवारीचा आणखी एक दोष असा की, कलाकृती म्हणून जे खाली जाते ते साधन म्हणूनही खाली जाते. १९८३ चा 'ऑक्टोपसी' याचे उदाहरण होय. उदयपूर येथे चित्रित झालेल्या त्याच्या भारतीय भागात गारुडी, अग्नीवरून चालणारे, तलवारी गिळणारे असे सर्व काही एकाच बाजारात गोळा झालेले आहे. कबीर बेदी व टेनिसपटू विजय अमृतराज यांच्या भूमिका असूनही हा भारत साहेबी प्रवासवर्णनांतीलच राहतो, हे भारतीय प्रेक्षकास पुन्हा पाहताना खटकल्यावाचून राहत नाही. विदूषकाच्या वेषातील बाँडमुळेही हा चित्रपट याद्यांत बहुधा खालीच आढळतो.

परंतु त्याचे कथानक काय आहे? पश्चिम जर्मनीतील अमेरिकन हवाई तळावर अणुबाँबचा स्फोट घडवावयाचा, तो अपघात वाटावा अशी योजना करावयाची आणि भयभीत झालेल्या पश्चिम युरोपास एकतर्फी निःशस्त्रीकरणास प्रवृत्त करावयाचे, असा एका सोव्हिएत सेनापतीचा बेत त्यात आहे. चित्रपट जून १९८३ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी ब्रिटनमधील ग्रीनहॅम कॉमन तळासमोर स्त्रियांचे अण्वस्त्रविरोधी आंदोलन चालू होते व नोव्हेंबरात तेथे क्रूझ क्षेपणास्त्रे दाखल झाली. निःशस्त्रीकरणाची मागणी शत्रूच्या पथ्यावर पडते, हे तत्कालीन सरकारपक्षाचे म्हणणे या करमणुकीच्या चित्रपटात जसेच्या तसे उतरले आहे. शीतयुद्धाच्या अखेरच्या पर्वाच्या अभ्यासकास यादीतील पहिल्या तीन चित्रपटांहून हा अधिक उपयोगी पडेल.

याउलट 'गोल्डफिंगर' याद्यांत सदैव वर राहिला. सांकेतिक शत्रू, यंत्रसज्ज मोटार, शीर्षकगीत हे सारे साचे त्यानेच स्थिर केले. म्हणून हे स्थान अयोग्य नव्हे. तथापि गवताच्या कोठारात नायक पुसी गलोर हिच्यावर जी बळजबरी करतो आणि कथा तिलाच तिचे मतपरिवर्तन मानते, तो प्रसंग आज पाहणाऱ्यास सहजी ओलांडता येत नाही. १९९५ च्या 'गोल्डनआय'मध्ये बाँडच्या नव्या वरिष्ठ स्त्री अधिकाऱ्याने त्यास स्त्रीद्वेष्टा व शीतयुद्धाचा अवशेष ठरविले, यावरून मालिकेनेच आपला भूतकाळ पुन्हा पाहिला होता असे दिसते. अशा प्रसंगाची नोंद न करता दिलेला क्रमांक जसा अपुरा, तसाच त्या एका प्रसंगाने संपूर्ण चित्रपट रद्द करणारा क्रमांकही अपुराच.

६

या विवेचनाचा अर्थ प्रतवारी करूच नये असा नाही. निवड केल्यावाचून अभ्यास होत नाही आणि निवडीत क्रम अध्याहृत असतो. रचनेची एकसंधता, पात्रांचे मोल व आपल्या काळाशी असलेला जिवंत संबंध ही तीन मापे एकत्र लावली तर 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३), 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' व २००६ चा 'कॅसिनो रॉयल' हे प्रथम श्रेणीत ठेवावे लागतील. या तिघांतही यंत्रांहून माणसे मोठी आहेत आणि तिन्ही फ्लेमिंगच्या कथानकास धरून आहेत. 'गोल्डफिंगर' त्यांच्या लगोलग येईल. 'डाय अनदर डे' (२००२) मधील अदृश्य होणारी मोटार मालिका कोठवर वाहवत जाऊ शकते हे दाखविते, म्हणून तो अखेरीस. परंतु हा क्रमही एका काळाचाच कौल आहे आणि त्याखाली वर्ष, प्रत व मापे ही तिन्ही लिहिलेली असली पाहिजेत. तशी नोंद असेल, तर पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकास तो चुकीचा वाटला तरी निरुपयोगी ठरणार नाही. कारण त्यावरून त्यास चित्रपटांविषयी नसले तरी ते पाहणाऱ्यांविषयी काही निश्चित सांगता येईल.