धातु-ऑक्साइड उत्प्रेरक (वसाम्ल-रूपांतरण)

वनस्पतिज तेले व प्राणिज चरबी यांच्या जलविच्छेदनाने मिळणाऱ्या, अथवा खवट व तळणीत वापरलेल्या तेलांत मुक्त स्वरूपात आढळणाऱ्या वसाम्लांपासून एंजिनात जाळण्याजोगे द्रव इंधन तयार करणाऱ्या विक्रियांना चालना देणारे घनरूप पदार्थ. मॅग्नेशियम, कॅल्शियम, झिर्कोनियम, टिटॅनियम, सिरियम, मॉलिब्डेनम व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे या वर्गात प्रामुख्याने मोडतात.

स्टिअरिक अम्लाच्या रेणूत कार्बनाचे १८, हायड्रोजनाचे ३६ आणि ऑक्सिजनाचे २ अणू असतात. त्याची कार्बन-शृंखला डीझेलातील हायड्रोकार्बनांशी लांबीने जुळत असली, तरी वजनाने सु. ११ टक्के भरणारा ऑक्सिजन ज्या कार्बॉक्सिल गटात असतो, त्या गटामुळे हे अम्ल सु. ६९° से.पर्यंत घन राहते आणि त्याचे ऊष्मामूल्यही घटते. हा ऑक्सिजन पाण्याच्या, कार्बन डाय-ऑक्साइडाच्या की कार्बन मोनॉक्साइडाच्या रूपाने बाहेर पडतो, यावर इंधनाचे उत्पन्न व हायड्रोजनाचा खर्च या दोन्ही बाबी अवलंबून असल्यामुळे, तो मार्ग निश्चित करणे हेच उत्प्रेरकाचे मुख्य कार्य होय.

इतिहास : कार्बॉक्सिलिक अम्लांपासून कीटोने मिळविण्याची रीत जुनी आहे. १८९५ मध्ये एडवर्ड स्क्विब यांनी बेरियम कार्बोनेटाच्या साहाय्याने ॲसिटिक अम्लापासून ॲसिटोन तयार केले, तर १९०९ मध्ये सांदरां यांनी थोरियम ऑक्साइडाचा याच कामी उपयोग केला. दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलाचा पुरवठा तुटल्यावर चीनमध्ये टुंग तेलाचे चुन्याने साबणीकरण करून, त्या कॅल्शियमी साबणाच्या औष्णिक भंजनाने मोटारींचे इंधन मिळविण्याची तजवीज करण्यात आली होती.

कीटोनीभवन : सु. ३००°–४५०° से. तापमानास अम्लाचे दोन रेणू ऑक्साइडाच्या पृष्ठावर एकत्र येऊन एक कीटोन, कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी देतात. बाहेरून हायड्रोजन पुरवावा लागत नाही. मॅग्नेशियम ऑक्साइडासारखे प्रबळ क्षारकधर्मी ऑक्साइड अम्लाशी संयोग पावून स्वतःच कार्बॉक्सिलेट लवणात रूपांतरित होऊ शकते. उलट झिर्कोनियम ऑक्साइडाची स्फटिकरचना कायम राहते आणि त्याच्या पृष्ठावरील अम्लधर्मी व क्षारकधर्मी स्थाने मिळून विक्रिया घडवितात. स्टिअरिक अम्लापासून मिळणारे कीटोन ३५ कार्बनांचे, म्हणजे मेणासारखे घन असते. तेव्हा त्याचे पुढे भंजन करावे लागते, किंवा ॲसिटिक अम्लाशी मिश्र कीटोनीभवन करून १९ कार्बनांचे कीटोन मिळवावे लागते.

हायड्रोजनाने ऑक्सिजन-निरास : मॉलिब्डेनम वा सिरियम यांच्या क्षपणशील ऑक्साइडांच्या पृष्ठावरील ऑक्सिजन हायड्रोजनाशी संयोग पावून पाण्याच्या रूपाने निघून जातो व त्या जागी रिक्तस्थान निर्माण होते, अम्लातील ऑक्सिजन ते रिक्तस्थान भरून काढतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. ऑक्सिजन पाणी होऊन गेल्यास १८ कार्बनांचे ऑक्टाडेकेन मिळते, तर कार्बन डाय-ऑक्साइड होऊन गेल्यास १७ कार्बनांचे हेप्टाडेकेन मिळते. फिनलंडमधील पोर्व्हो येथे २००७ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याप्रमाणे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात सामान्यतः ॲल्युमिनावर बसविलेली निकेल वा कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम यांची ऑक्साइडे वापरापूर्वी सल्फाइडरूपात आणली जातात. ऑक्टाडेकेन सु. २८° से.लाच गोठत असल्याने शृंखलांना शाखा फोडणारी समघटकीकरणाची पायरी त्यानंतर घ्यावी लागते.

एस्टरीभवन : मिथेनॉलाच्या साहाय्याने जैव डीझेल करताना कॅल्शियम ऑक्साइड स्वच्छ तेलास उपयुक्त ठरते, परंतु मुक्त वसाम्लांशी गाठ पडताच त्याचा साबण बनतो. अशा मालाकरिता सल्फेटयुक्त झिर्कोनियासारखा प्रबळ अम्लधर्मी उत्प्रेरक वापरतात; मात्र विक्रियेत निर्माण होणाऱ्या पाण्याने त्यातील सल्फेट हळूहळू धुपून जाते.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : पृष्ठावर साचणाऱ्या कार्बनी थरामुळे आणि तेलातील फॉस्फरस व अल्कली धातू यांमुळे उत्प्रेरकाची क्रियाशीलता मंदावते. कार्बनी थर हवेत जाळून टाकता येतो आणि तो दाह बहुतेक ऑक्साइडे सहन करतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. फॉस्फरसाचे निवारण मात्र आधीच, तेलातील डिंकासारखी द्रव्ये काढून करावे लागते.

स्वच्छ खाद्य तेल हे मनुष्याचे अन्न आहे. म्हणून या उत्प्रेरकांची खरी योग्यता करंजासारख्या अखाद्य बियांच्या तेलावर, साठवणीत अम्लता वाढलेल्या मालावर व तळणीच्या टाकाऊ तेलावर ते किती काळ टिकून काम देतात, यावरूनच ठरविली पाहिजे.