स्प्रेडशीट मॅक्रो आणि पर्यायी ऑफिस प्रणाली

स्प्रेडशीटमध्ये वारंवार कराव्या लागणाऱ्या कृती एका आज्ञेसरशी क्रमाने पार पाडणाऱ्या लिखित सूचनावलीस मॅक्रो असे म्हणतात. मायक्रोसॉफ्ट एक्सेलमधील मॅक्रो 'व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स' (संक्षेपाने व्हीबीए) या भाषेत लिहिले जातात. लिबरऑफिस कॅल्क, अपाचे ओपनऑफिस, ओन्लीऑफिस, झोहो शीट, गूगल शीट्स आदी पर्यायी प्रणालींमध्ये एक्सेलची फाइल बहुधा उघडते. मात्र तिच्यातील मॅक्रो चालतीलच असे नाही. तक्त्यातील आकडे व सूत्रे फाइलीच्या ठरावीक स्वरूपानुसार साठवलेली असतात, तर मॅक्रो हा एका विशिष्ट प्रणालीच्या अंतर्गत रचनेला उद्देशून लिहिलेला असतो, हे या फरकाचे मूळ कारण होय.

इतिहास

१९८३ साली बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या प्रणालीत मॅक्रोची सोय होती. एक्सेलची पहिली आवृत्ती १९८५ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी निघाली. एक्सेलच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत मॅक्रो स्वतंत्र पानावर सूत्रांच्या रूपात लिहिले जात. १९९३ च्या एक्सेल ५.० पासून व्हीबीए आली आणि पुढे तीच कार्यालयीन कामकाजातील मॅक्रोंची प्रमुख भाषा ठरली.

पर्यायी प्रणालींपैकी लिबरऑफिसचा वंश जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीच्या स्टारऑफिसपर्यंत पोहोचतो. ही कंपनी १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली व २००० मध्ये स्टारऑफिसचा स्रोत ओपनऑफिस या नावाने खुला केला. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी स्वयंसेवी विकासकांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन'ची घोषणा करून लिबरऑफिस ही स्वतंत्र शाखा सुरू केली. ओपनऑफिसचा मूळ प्रकल्प २०११ मध्ये अपाचे संस्थेकडे सोपवण्यात आला.

प्रमाणके आणि मॅक्रो

मुक्त दस्तऐवज स्वरूपास (ओडीएफ) २००६ मध्ये, तर मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ओपन एक्सएमएल स्वरूपास २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणकाचा दर्जा मिळाला. या प्रमाणकांमुळे तक्त्यातील मजकूर, आकडे व सूत्रे यांची देवाणघेवाण सुकर झाली. मॅक्रोची भाषा कोणती असावी, हे मात्र यांपैकी कोणतेही प्रमाणक ठरवत नाही. त्यामुळे फाइल प्रमाणित असली तरी तिच्यातील मॅक्रो प्रणालीनिष्ठच राहतो. ऑफिस २००७ पासून मॅक्रोयुक्त फाइलींना 'एक्सएलएसएम' हे स्वतंत्र उपनाम मिळाले. 'एक्सएलएसएक्स' या नेहमीच्या उपनामाच्या फाइलीत मॅक्रो साठवता येत नाही.

लिबरऑफिस कॅल्कमधील कार्यपद्धती

कॅल्कमध्ये मॅक्रो लिहिण्यासाठी लिबरऑफिस बेसिक, पायथन, जावास्क्रिप्ट व बीनशेल या भाषा उपलब्ध आहेत. एक्सेलमधून आलेला मॅक्रो वापरण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सुसंगतता-विधीचा. मॅक्रोच्या प्रारंभी 'ऑप्शन व्हीबीए-सपोर्ट १' ही ओळ असल्यास कॅल्क व्हीबीएमधील पुष्कळशा संज्ञा जशाच्या तशा ओळखते. एक्सेलची फाइल उघडताना ही ओळ आपोआप घातली जाते. त्यासाठी पर्यायांच्या खिडकीत 'लोड/सेव्ह' या विभागातील व्हीबीए गुणधर्मांमध्ये संहिता आत घेण्याची व ती चालवण्यायोग्य ठेवण्याची खूण असावी लागते. दुसरी खूण नसल्यास मॅक्रोच्या सर्व ओळी केवळ टिपणाच्या रूपात आत येतात. त्या वाचता येतात, पण चालत नाहीत.

दुसरा मार्ग पुनर्लेखनाचा. यात मॅक्रो लिबरऑफिसच्या स्वतःच्या 'युनो' या अंतर्गत रचनेनुसार नव्याने लिहिला जातो. २०२१ मधील ७.१ या आवृत्तीपासून 'स्क्रिप्टफोर्ज' या संग्रहामुळे हे लेखन काहीसे सोपे झाले आहे.

पुनर्लेखनात सेलचा पत्ता सांगण्याची रीत विशेष दक्षतेने पाहावी लागते. व्हीबीएमध्ये आधी ओळ व मग स्तंभ सांगतात आणि मोजणी एकपासून सुरू होते. युनोमध्ये आधी स्तंभ व मग ओळ सांगतात आणि मोजणी शून्यापासून असते. त्यामुळे सी५ हा सेल व्हीबीएमध्ये (५, ३) असा, तर युनोमध्ये (२, ४) असा लिहावा लागतो. (५, ३) हे आकडे तसेच ठेवल्यास युनो एफ४ हा सेल वाचते. येथे चुकीचा संदेश येत नाही. मॅक्रो विनातक्रार चालतो आणि उत्तर मात्र दुसऱ्याच ओळीचे मिळते.

सुसंगततेच्या मर्यादा

सेल वाचणे-लिहिणे, आवर्तने, अटी, संदेशखिडकी, पत्रकांची निवड यांसारखी साधी कामे सुसंगतता-विधीत सामान्यतः चालतात. पुढील प्रकारचे मॅक्रो मात्र बहुधा अडतात :

विंडोजच्या अंतर्गत सेवा थेट बोलावणारे मॅक्रो. ॲक्टिव्हएक्स बटणे व नियंत्रणे यांवर अवलंबून असलेले मॅक्रो. आउटलुक किंवा वर्ड या अन्य प्रणाली उघडून त्यांच्याकडून काम करून घेणारे मॅक्रो. 'सी' ड्राइव्हचा पत्ता संहितेतच लिहिलेले मॅक्रो (लिनक्सवर असा ड्राइव्ह नसतो). तसेच आलेख व पिव्होट तक्ते यांची बारीक रचना करणारे मॅक्रो.

फाइल जतन करण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. मूळ संहिता राखण्याचा पर्याय निवडलेला असता फाइल पुन्हा एक्सेलच्या स्वरूपात जतन केल्यास मूळ व्हीबीए संहिता न बदलता परत लिहिली जाते. परिणामी लिबरऑफिसमध्ये केलेली दुरुस्ती त्या फाइलीत उतरत नाही. दुरुस्त मॅक्रो टिकवण्यासाठी फाइल 'ओडीएस' स्वरूपात जतन करणे इष्ट असते.

अन्य पर्यायी प्रणाली

चेन्नई येथे मुख्यालय असलेल्या झोहो कंपनीच्या झोहो शीट या आंतरजालीय प्रणालीत व्हीबीए मॅक्रो लिहिण्याची व चालवण्याची सोय आहे. ओन्लीऑफिसमध्ये मॅक्रो जावास्क्रिप्टमध्ये लिहिले जातात. व्हीबीए संहिता तेथे थेट चालत नाही. गूगल शीट्समध्ये २००९ पासून ॲप्स स्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टवर आधारित भाषा असून २०१८ पासून कृतींची नोंद करून मॅक्रो तयार करण्याची सोय आहे. तेथेही एक्सेलचे मॅक्रो नव्याने लिहावे लागतात.

सुरक्षितता

मॅक्रो ही चालणारी संहिता असल्याने तिच्यातून उपद्रवही होऊ शकतो. वर्डमधील मॅक्रोच्या साहाय्याने पसरलेला मेलिसा हा विषाणू मार्च १९९९ मध्ये जगभर गाजला. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने आंतरजालावरून उतरवलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच रोखून धरण्यास आरंभ केला.

लिबरऑफिसमध्ये सुरक्षिततेच्या अति उच्च, उच्च, मध्यम व निम्न अशा चार पातळ्या असून मूळ पातळी 'उच्च' असते. या पातळीवर विश्वासू स्वाक्षरी असलेले अथवा विश्वासू म्हणून नोंदवलेल्या फोल्डरमधील मॅक्रोच चालतात. 'मॅक्रो चालत नाही' या तक्रारीचे कारण पुष्कळदा विसंगती नसून ही पातळी असते. अशा वेळी पातळी 'निम्न' करणे हा उपाय धोक्याचा होय, कारण त्यानंतर कोणत्याही फाइलीतील मॅक्रो न विचारता चालतो. फाइल विश्वासू फोल्डरमध्ये ठेवणे किंवा प्रत्येक वेळी अनुमती विचारणारी 'मध्यम' पातळी निवडणे हे अधिक सुरक्षित मार्ग आहेत.

मराठी मजकूर आणि मॅक्रो

एक्सेलमधील व्हीबीए संपादक युनिकोड संहितेचे पूर्ण समर्थन करत नाही. त्यात देवनागरी अक्षरे थेट लिहिल्यास त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून अक्षराचा युनिकोड क्रमांक देऊन ते घडवावे लागते. उदाहरणार्थ, 'अ' या अक्षराचा दशमान क्रमांक २३०९ आहे, तर देवनागरी शून्य ते नऊ या अंकांचे क्रमांक २४०६ ते २४१५ आहेत. लिबरऑफिसच्या बेसिक संपादकात देवनागरी मजकूर अवतरणचिन्हांत थेट लिहिता येतो. मराठी शब्द संहितेत न लिहिता ते पत्रकातील एखाद्या सेलमध्ये ठेवून तेथून वाचणे, ही दोन्हीकडे चालणारी रीत आहे.

जुन्या फाइलींची अडचण वेगळी आहे. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांतील मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या संकेतांत साठवलेला असतो. तो टंक नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक दिसतो आणि युनिकोडमधील नावांशी त्याची तुलना करणारा मॅक्रो अपयशी ठरतो. अशा फाइलींतील मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्र ज्ञान महामंडळ मर्यादित या संस्थेच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून राज्याच्या ग्रामीण भागापर्यंत स्प्रेडशीटचा परिचय झाला. शाळांमध्ये निकालपत्रके, हजेरी, वेतनपत्रके यांसाठी शिक्षकांनी स्वतः तयार केलेल्या एक्सेल फाइली प्रचारात आहेत. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-शासनासाठी मुक्त प्रमाणकांचे व २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. परवाना शुल्काच्या दृष्टीने मुक्त प्रणाली शाळांना सोयीच्या असल्या, तरी जुन्या फाइलींतील मॅक्रो नव्या प्रणालीत तेच उत्तर देतात की नाही, हे तपासल्याविना स्थलांतर पूर्ण होत नाही.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील श्रेणी हे याचे बोलके उदाहरण होय. या पद्धतीत ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२, ३३ ते ४० ला ड, २१ ते ३२ ला इ-१ आणि त्याखालील गुणांना इ-२ श्रेणी दिली जाते. शेकडा गुण ४०.५ आल्यास '३३ ते ४०' व '४१ ते ५०' अशा अटी लिहिलेल्या मॅक्रोत ते कोणत्याच गटात बसत नाहीत आणि श्रेणीचा रकाना रिकामा राहतो. गुण पूर्णांकात आणतानाही भेद होतो. व्हीबीएमधील 'राउंड' ही आज्ञा अर्धा आल्यास जवळच्या सम संख्येकडे जाते, म्हणजे ४०.५ चे ४० करते. पत्रकातील त्याच नावाचे सूत्र ४१ करते. एकाच विद्यार्थ्याला एका रीतीने ड, तर दुसऱ्या रीतीने क-२ श्रेणी मिळते. मॅक्रोचे पुनर्लेखन करताना एका रीतीच्या जागी नकळत दुसरी आली, तर निकालच बदलतो.

म्हणून स्थलांतरापूर्वी मूळ फाइलीची प्रत राखणे, दोन्ही प्रणालींत एकच माहिती देऊन उत्तरे ओळीओळीने ताडून पाहणे आणि ३२-३३, ४०-४१ अशा सीमारेषेवरील व अपूर्णांकातील गुणांची हाताने पडताळणी करणे आवश्यक असते. श्रेणी लावण्यासारखे काम सीमांचा तक्ता व शोधसूत्र यांच्या साहाय्याने मॅक्रोविनाही होते. अशी सूत्रे सर्व प्रमुख प्रणालींत चालतात.

अन्य देशांतील अनुभव

जर्मनीतील म्युनिक नगर प्रशासनाने 'लिमक्स' प्रकल्पाद्वारे सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आणले. तेथे निरनिराळ्या विभागांचे स्वतंत्र पत्रनमुने व मॅक्रो एकत्र आणण्यासाठी 'वोलमक्स' ही प्रणाली विकसित करावी लागली. २०१७ मध्ये नगर परिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. श्लेस्विग-होल्स्टाइन या जर्मन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला. प्रणाली बसवण्यापेक्षा वर्षानुवर्षे साचलेले नमुने व मॅक्रो नव्या प्रणालीत आणणे हे अशा स्थलांतरांतील अधिक श्रमाचे काम असते.